घरचे गुपित हसत कसे सांगावे
विनोदी ग्रामीण कथा लिहून स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी

गावाकडच्या बहुतेक घरांत एक तरी गोष्ट अशी असते, जी सगळ्या आळीला माहीत असते आणि तरीही माजघराबाहेर कोणी बोलत नाही. लग्न जुळवताना दडवलेले वय, वाटणीत न दाखवलेला दागिना, बहिणीची सही घाईघाईने घेतलेले हक्कसोडपत्र, मुंबईला गिरणीत असताना काकांनी थाटलेला दुसरा संसार. यावर विनोदी कथा लिहाव्यात असे अनेकांना वाटते. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँकेत नोकरी केलेली माणसे, शेती सांभाळून लिहिणारे तरुण यांच्या वह्यांत असे लेखन तयारही असते. प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहण्यापेक्षा आता पुष्कळ जण स्वखर्चाने पुस्तक काढतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. अशा कथेत हसू गुपितातून येत नाही, ते झाकण्यासाठी माणसे जी धडपड करतात तिच्यातून येते. लेखक आणि प्रकाशक दोन्ही तुम्हीच असलात, की कोणाची धडपड हसण्याजोगी आहे आणि कोणाची जखम न उघडलेली बरी, हे ठरवायला दुसरे कोणी नसते. लेखनाचे कसब आणि प्रकाशनाची जबाबदारी या दोन्हींचा विचार म्हणूनच एकत्र करायला हवा.

गुपित पारखून घ्या

प्रत्येक गुपितातून विनोदी कथा होत नाही. हाती असलेल्या गुपिताला तीन प्रश्न विचारा.

पहिला: ते झाकण्यासाठी घरातल्यांना वारंवार काही करावे लागते का? एकदाच घडून मागे पडलेल्या गोष्टीतून किस्सा होतो. जत्रेला, लग्नाला, पाहुणा आला की, दरवेळी ज्याची सारवासारव करावी लागते, त्यातून कथा होते.

दुसरा: ते उघडे करू शकेल असा कागद, वस्तू किंवा माणूस गावात आहे का? असा धोका डोक्यावर नसेल तर वाचक पुढचे पान उलटत नाही.

तिसरा: ते उघडे पडले तर कोणाचे काय जाते? घराचा तोरा, मान, बढाई जात असेल तर विनोदाला जागा आहे. एखाद्या बाईचे आयुष्य, मुलाचे जन्मरहस्य किंवा कोणावर झालेला अत्याचार पणाला लागत असेल, तर तो विषय विनोदी कथेचा नाही. तो गंभीरपणे लिहावा किंवा लिहूच नये.

गुपिते शोधायची कुठे? गावात त्यांचे दफ्तर ठिकठिकाणी विखुरलेले असते. तलाठ्याकडचा सातबारा आणि फेरफार हे पहिले ठिकाण. जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर कधी गेली, हे फेरफारात दिसते. का गेली, ते मात्र घरातल्यांनाच ठाऊक असते, आणि कथा त्या फटीत दडलेली असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे फिरणारे हेळवी घराण्याची वंशावळ सांगतात. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे असतात. एखादे नाव घरचे लोक घेत नाहीत आणि हेळवी मात्र भर अंगणात मोठ्याने घेतो, या एका क्षणावर कथा उभी राहते. जुन्या लग्नपत्रिकाही जपून वाचा. निमंत्रकांच्या यादीत कोणाचे नाव वर आहे आणि कोणाचे गळले आहे, यावरून त्या वर्षी भावकीत काय बिनसले होते ते कळते.

गुपिताला काळ असतो हेही ध्यानात ठेवा. १९४८च्या कुळकायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानंतर कसणाऱ्यांना जमिनी मिळू लागल्या, तेव्हा काही जमीनमालकांनी कागदांची उलथापालथ केली. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याच्या, म्हणजे गावाच्या भाषेत सीलिंगच्या, धास्तीने जमिनी नातेवाइकांच्या नावावर चढल्या. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला आणि माहेरी येणाऱ्या बहिणीच्या पाहुणचारात एकाएकी फरक पडला. तुमचे गुपित यांपैकी कोणत्या काळातले आहे ते पक्के करा. मग पात्रांची भीती खरी वाटते आणि तपशील चुकत नाहीत.

एक कथा बांधून पाहू

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आजोबांनी सीलिंगच्या भीतीने चार एकर रान आपल्या मेहुण्याच्या नावावर केले. ते परत देण्याबद्दल लेखी काही नाही, सगळे तोंडी. आजोबा वारले. रान घरचेच लोक कसतात, पण कागदावर मालक आहेत आजीचे भाऊ. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात.

हे सगळे पहिल्या पानावर सांगितले तर कथा तिथेच संपते. म्हणून सुरुवात मामांच्या मानापासून करा. दरवर्षी जत्रेला मामा येतात. त्यांच्यासाठी खास बोकड ठरलेला असतो. नवी गादी काढली जाते, फेटा पहिल्यांदा त्यांना बांधला जातो. मामा मात्र तिरसट. मटणात मीठ कमी आहे म्हणतात, गादीला ढेकूण आहेत म्हणतात, देवळात सरपंचाच्या पुढे उभे राहतात. घरातली कर्ती माणसे सगळे हसून सोसतात. नव्या सुनेला कळत नाही, की या माणसाचे एवढे लाड कशासाठी? वाचकालाही कळत नाही. सुनेची नजर हीच वाचकाची नजर होते. बाहेरून आलेले पात्र कथेत का हवे, ते इथे लक्षात येईल.

मग धडपड वाढवत न्या. एके वर्षी मामा रुसतात आणि निरोप पाठवतात, की यंदा जत्रेला येणार नाही. घर हादरते. थोरले काका भर उन्हात मोटारसायकलवर त्यांच्या गावी जातात, धाकटे काका वेगळ्या वाटेने आधीच पोचलेले असतात, आणि दोघेही एकमेकांना सांगतात, ‘सहज आलो होतो.’ इथे विनोदासाठी एकही कोटी करावी लागत नाही. दोन भावांचा एकमेकांवरचा अविश्वास कृतीतून दिसतो आणि हसू आपोआप येते.

उघड होण्याचा प्रसंग आजच्या काळातला घ्या. पुण्याला नोकरी करणारा नातू पीकविम्याची माहिती भरायला मोबाइलवर सातबारा उघडतो आणि जेवणाच्या पंगतीत मामांच्या देखत विचारतो, ‘आपल्या मळ्याच्या उताऱ्यावर मामांचं नाव कसं काय?’ दोन पिढ्यांनी झाकलेली गोष्ट ज्याला घरच्या राजकारणाची कल्पनाच नाही, अशा मुलाच्या तोंडून बाहेर पडते. विनोदी कथेत गुपित शक्यतो निष्पाप माणसाकडून फुटावे. दुष्टाने मुद्दाम फोडले, की कथा सुडाची होते.

शेवटी काय करावे? मामा जमीन गिळतात असा शेवट केला तर ती भाऊबंदकीची बातमी होईल. त्याऐवजी असे करता येईल: मामांनी रान परत नावावर करून देण्याचे कागद कधीच तयार ठेवले होते. सही केली नाही, कारण सही झाली की जत्रेचे बोलावणे बंद होईल. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांना जेवलात का असे विचारणारे कोणी उरलेले नाही. आणि आजीला हे पहिल्यापासून माहीत होते. तिने सांगितले नाही, कारण भावाला वर्षातून एकदा पोटभर जेवू घालायचे दुसरे निमित्त तिच्याजवळ नव्हते.

लोभी वाटणारा माणूस एकटा निघाला आणि लाड करणारे घर लोभी निघाले. वाचक आतापर्यंत ज्याला हसत होता, त्याच्याबद्दल त्याला माया वाटू लागते. प्रत्येक कथेत असा एक पालट आणता येतो का ते पाहा. गुपित उघडे झाल्यावर माणूस आधीपेक्षा मोठा दिसला, तर कथा जमली.

हसू कोणाच्या वाट्याला द्यावे

गावातल्या विनोदात दोन खड्डे नेहमी असतात. एक, माणसाच्या अडाणीपणाला हसणे. दोन, जात, व्यंग, काळेपणा, वांझपण, विधवापण यांना हसणे. पारावर हे चालते म्हणून पुस्तकात चालू नये. ज्याच्या हाती काही सत्ता आहे, मग ती घरातली का असेना, त्याच्या तोऱ्याला हसा. ज्याच्याजवळ फक्त सोसणे आहे, त्याला कथेत शहाणपण द्या.

मराठीत याचे उत्तम धडे उपलब्ध आहेत. कोल्हापूरकडचे शंकर पाटील, पंढरपूरच्या परिसराचे द. मा. मिरासदार आणि माणदेशाचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा या दृष्टीने पुन्हा वाचा. ‘माणदेशी माणसं’ १९४९चे पुस्तक आहे. त्यातली माणसे गरीब आहेत, पण लेखक त्यांच्याकडे वरून पाहत नाही. मिरासदारांच्या कथांत इरसालपणा आहे, पण पात्रांविषयी तिरस्कार नाही. वाचताना एक काम करा: हसू आले त्या ओळीवर खूण करा आणि हसू नेमके कोणावर होते ते समासात लिहा. दहा कथांनंतर तुमच्या लेखनात काय सुधारायचे ते तुम्हालाच दिसेल.

बोली किती आणि कुठे

निवेदन सगळ्यांना कळेल अशा भाषेत आणि संवाद बोलीत, ही सोपी वाट आहे. सुरुवातीला तीच धरा. मात्र बोली एकाच भागाची ठेवा. ‘काय करायलास’ म्हणणारा कोल्हापूर-सोलापूरचा माणूस दोन पानांनी ‘काय करून राहिला’ असे वऱ्हाडीत बोलू लागला, तर गावचा वाचक पुस्तक मिटतो. मालवणी, अहिराणी, झाडीबोली यांत लिहीत असाल तर त्या भागातल्या वयस्कर बाईला संवाद वाचून दाखवा. बायकांच्या बोलण्यात म्हणी, टोमणे आणि नात्यांचे शब्द जास्त जिवंत राहिलेले असतात.

एकाच शब्दाचे लेखन ठिकठिकाणी वेगळे होऊ देऊ नका. ‘न्हाई’ लिहायचे की ‘नाय’, ‘व्हय’ की ‘हय’, याची यादी करून ती टंकणाऱ्याला द्या. नाहीतर मुद्रितशोधक बोली ‘शुद्ध’ करून ठेवतो.

हयात माणसे, दिवंगत माणसे आणि कायदा

पुस्तकाच्या सुरुवातीला ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ असे छापले म्हणजे सुटलो, हा समज चुकीचा आहे. वर्णनावरून माणूस ओळखता येत असेल तर नाव बदलूनही बदनामीचा दावा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. उपरोधाने केलेले विधानही बदनामी ठरू शकते. आणि मृत व्यक्तीबद्दलचा असा मजकूर, जो ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाधला असता आणि जो तिच्या जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिला आहे, तोही त्यात येतो. ‘आजोबा तर गेले’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

यावर लेखकाच्या हातातले उपाय आहेत. नावाबरोबर गाव, व्यवसाय, नात्याची जागा आणि घटनेचा काळ बदला. दोन घरांतल्या दोन माणसांचे मिळून एक पात्र करा. मूळ घटनेतला फक्त पेच ठेवा आणि त्याभोवतीचे सगळे नव्याने रचा. असे केल्याने कथाही सुधारते, कारण ‘खरे असेच घडले होते’ या ओझ्यातून ती मोकळी होते. तरीही शंका वाटली तर छपाईआधी वकिलाला दाखवा.

कायद्यापलीकडचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ज्यांच्या आयुष्यावरून कथा सुचली ते हयात असतील, तर हस्तलिखित त्यांना आधी वाचायला द्या. पुस्तक हाती पडल्यावर चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळलेले चांगले. घरातल्या बाईने ‘हे नको’ म्हटले तर ती कथा वगळा. एक कथा कमी झाल्याने पुस्तक बिघडत नाही. एका माणसाचे गावात तोंड दाखवणे मात्र कायमचे अवघड होऊ शकते.

मोठ्याने वाचा, मग कापा

पाटील, मिरासदार आणि माडगूळकर या तिघांनी मिळून केलेले कथाकथनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर गाजले. त्यांच्या कथांची लय ऐकणाऱ्यांसमोर तावून निघाली होती. तुम्हीही कथा छापण्याआधी वाचनालयात, शाळेत, गणेशोत्सवात किंवा दहा माणसांच्या बैठकीत वाचा. लोक कुठे हसतात यापेक्षा कुठे चुळबुळ करतात ते टिपा. तिथे बहुधा स्पष्टीकरण लांबलेले असते. विनोदाआधीचे ‘आता गंमत अशी की’ आणि विनोदानंतरचे त्याचे समर्थन, ही दोन्ही काढून टाका.

स्वतः पुस्तक काढणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे संपादकावर खर्च न करणे. मुखपृष्ठाला हजारो रुपये जातात आणि मजकूर भाचा तपासतो. हे उलटे करा. नातेवाईक नसलेला, कथा वाचण्याची सवय असलेला संपादक शोधा, त्याला मानधन द्या आणि तो म्हणेल ते निदान आठवडाभर मनात राहू द्या. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत. ती वेगळ्या माणसांकडून, त्याच क्रमाने करून घ्या.

पुस्तकाची घडण

मजकूर युनिकोडमध्ये टंकून द्या. अक्षरजुळणी करणारा तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलत असेल तर ‘दुसऱ्या’, ‘कॅलेंडर’, ‘ॲक्सिडेंट’ अशा शब्दांतली ऱ्य, कॅ, ॲ ही अक्षरे हमखास बिघडतात. ती मुद्दाम शोधून तपासा. डेमी आकाराच्या एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे ४०,००० शब्दांचे पुस्तक १६० पानांच्या आसपास होते. छपाई १६ पानांच्या फर्म्यांत होते. १६० पाने म्हणजे बरोबर १० फर्मे. १६३ पाने झाली तर शेवटच्या फर्म्याचा कागद वाया जातो, म्हणून तीन पाने कापा.

प्रती किती काढाव्यात? ऑफसेटवर प्रती वाढल्या की दर उतरतो, या मोहात हजार प्रती काढल्या जातात आणि माळ्यावर राहतात. पहिल्या खेपेला डिजिटल छपाईवर शंभर-दोनशे प्रती काढा. प्रत महाग पडेल, पण पैसा अडकणार नाही आणि दुसऱ्या खेपेला चुकाही दुरुस्त करता येतील.

आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयांतर्गत असलेल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून तो करू शकतो. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर ते काम स्वतःच करा. १९५४च्या कायद्याप्रमाणे, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवावी लागते. या चार प्रती हिशेबात आधीच धरा.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचले जाते, हा तिचा अनुदानाइतकाच मोठा लाभ आहे.

वाचकांपर्यंत

किंमत ठरवताना विक्रेत्याची सूट धरा. ती साधारण ३० ते ५० टक्के असते. समजा किंमत २५० रुपये आणि सूट ४० टक्के, तर तुमच्या हाती १५० रुपये येतात. छपाईला ८० रुपये गेले असतील तर उरलेल्या ७० रुपयांत टपाल, संपादन, मुखपृष्ठ आणि भेटप्रती बसवायच्या आहेत. हे गणित छपाईआधी कागदावर करा.

तुमचा पहिला वाचक तुमच्याच तालुक्यात आहे. राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत, त्यांपैकी आपल्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना पत्र लिहा, जिल्हा ग्रंथोत्सवात जा, कथाकथनाच्या कार्यक्रमात पुस्तक ठेवा. आधी एखाद-दुसरी कथा दिवाळी अंकाला पाठवणे तर फारच उपयोगाचे. अंकांचे संपादक साहित्य पावसाळ्याच्या आधीपासून गोळा करू लागतात. ई-पुस्तकासाठी किंडलवर मराठी चालते. गावाबाहेर, परदेशात गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोचायला तो सोपा मार्ग आहे.

शेवटचे काम लेखकांकडून नेहमी राहून जाते. १९५७च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे राहतो. तो जमिनीसारखाच वारसांकडे जातो. छापखान्याशी, वितरकाशी, ई-पुस्तकाच्या कंपनीशी जे ठरेल ते लेखी ठेवा, आणि तुमच्यानंतर पुस्तकाचे हक्क कोणाकडे जातील ते मृत्युपत्रात नावानिशी लिहा. मुलीलाही त्यात वाटा द्या आणि सगळ्यांना बसवून तो मजकूर वाचून दाखवा. तोंडी कबुलीने आणि दडवलेल्या कागदांनी घरात काय होते, हे तुमच्याइतके दुसरे कोणी अभ्यासलेले नसेल.